पुढची काच : फुटण्याचा आणि टिकण्याचा इतिहास

पुण्याहून पंढरपूरला जाताना फलटण मागे पडते, धर्मपुरीपाशी सातारा जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात नातेपुते येते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो, त्यामुळे आषाढातले एक-दोन दिवस हा रस्ता वारकऱ्यांचा. वर्षाचे उरलेले दिवस तो मालमोटारींचा, एस.टी.चा, वडाप जीपांचा आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने काम चालले, तेव्हा खडी आणि मुरूम वाहणारे डंपरही वाहतुकीत मिसळले.

अशा रस्त्यावर पाच-सहा वर्षे चाललेल्या एखाद्या मोटारीत सकाळी बसावे आणि माळशिरसच्या दिशेने, म्हणजे उगवत्या सूर्याकडे तोंड करून, पुढच्या काचेतून पाहावे. एरवी स्वच्छ वाटणारी काच एकदम धुरकट दिसते. तीवर सुईच्या टोकाएवढे असंख्य खड्डे असतात. वायपरने ओढलेल्या अर्धवर्तुळाकार चऱ्या असतात. कुठेतरी खडा लागून उडालेला टवका असतो, त्यातून निघालेली तड्याची रेघ कडेकडे गेलेली असते आणि अगदी कडेला दुधाळ पट्टा दिसतो. एवढे सगळे होऊनही काच चौकटीत उभी असते आणि गाडी रोज धावत असते.

काचेची ही चिकाटी तिच्या अंगची नाही. मोटारीच्या जन्मानंतर शंभर वर्षांत पुढच्या काचेने तीन-चार अवतार घेतले, आणि गंमत अशी की प्रत्येक अवताराची खराब होण्याची रीत निराळी होती. आम्हाला इथे त्या रीतींचाच इतिहास सांगायचा आहे, कारण काच केव्हा बदलायची या रोजच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

पहिल्या मोटारींना पुढे काच नव्हतीच. वेग घोडागाडीच्या जवळपास, तेव्हा चालक डोळ्यांवर चष्मा चढवून बसे. वेग वाढला तसा वारा, धूळ आणि किडे सोसवेनात. विसाव्या शतकाच्या आरंभी चालकापुढे काचेचे तावदान उभे राहिले. ते साधे, घराच्या खिडकीला असते तसेच होते. धूळ-चिखल बसून दिसेनासे झाले की वरचा अर्धा भाग दुमडून खाली घेता येईल अशी सोयही काही गाड्यांत असे. हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी १९०३ साली घेतले.

साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. टक्कर झाली की आतली माणसे पुढे फेकली जात, त्यांची डोकी तावदानातून आरपार जात आणि उरलेल्या तुकड्यांनी गळे, चेहरे कापले जात. मोटार धडकून माणूस वाचला तरी काच त्याला वाचू देत नसे. वाऱ्यापासून संरक्षण म्हणून बसवलेली वस्तू अशी मारेकरी ठरली.

यावर उपाय शोधणाऱ्यांत एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाचे नाव नेहमी घेतले जाते. हा गृहस्थ चित्रकारही होता. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत फळीवरून एक काचेचा चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, चंबूचा आकार जसाच्या तसा राहिला. त्यात पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. द्रावक उडून गेला होता आणि आतून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा काचेला चिकटून बसला होता. पुढे मोटार अपघातांत काचेने झालेल्या जखमांच्या बातम्या वाचल्यावर त्याला हा चंबू आठवला, अशी हकीकत आहे. काचेचे दोन पत्रे आणि मध्ये सेल्युलॉइड अशा तिपदरी काचेचे पेटंट त्याने १९०९ साली घेतले. तीन पदर म्हणून नाव ‘ट्रिप्लेक्स’.

चंबूची गोष्ट वर्गात सांगायला फार छान आहे. म्हणून तिच्याबरोबर हेही सांगावे, की इंग्लंडमध्ये जॉन वूड याने दोन काचा मधल्या थराने जोडण्याचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. शोधांच्या कथांत चंबू पडतो तो बहुधा एकाच्याच घरी, पण विचार अनेकांच्या डोक्यात चालू असतो. ट्रिप्लेक्सला मोटारवाल्यांनी लगेच जवळ केले नाही, कारण ती महाग होती. तिचा पहिला मोठा उपयोग पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी झाला. १९२७ च्या अखेरीस फोर्डने ‘मॉडेल ए’ ही गाडी आणली, तिला पुढे अशी काच होती आणि तेव्हापासून ती सर्वसामान्य मोटारींत दिसू लागली.

ही काच सुऱ्या फेकत नसे. पण ती खराब होई, आणि तीही उन्हाने. सेल्युलोज नायट्रेटवर उन्हातील अतिनील किरण पडले की ते पिवळे पडते, मग तपकिरी होते. कडेने पाणी शिरले की पदर सुटतात, बुडबुडे येतात. काही वर्षांत चालकाला सारे जग जुन्या छायाचित्रासारखे दिसू लागे आणि काच बदलावी लागे. खराब होणाऱ्या पुढच्या काचेची तक्रार ही अशी शंभर वर्षांची जुनी आहे. मग सेल्युलोज अॅसिटेट आले. त्याचा रंग टिके, पण थंडीत ते ठिसूळ होई. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनाइल ब्युटिराल, म्हणजेच पीव्हीबी, हा पदार्थ सापडला. तो काचेला घट्ट चिकटतो, रबरासारखा ताणला जातो आणि उन्हात पिवळा पडत नाही. आजच्या मोटारीच्या काचेत मधला थर असतो तो हाच.

इथे कोणाला वाटेल, प्रश्न सुटला. पण मधल्या काळात काचेने एक वेगळीच वाट धरली होती. ती समजण्यासाठी आपल्या ओळखीचा प्रभाकर कंदील आठवू या.

कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला होता. देशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तळेगावची भट्टी उभी केली. या कारखान्यांत काचेची भांडी, बरण्या, चिमण्या होत. खिडकीची सपाट काच करणे हे निराळे तंत्र होते. पुढे वार्ष्णेय यांनी उत्तर प्रदेशात बहजोई येथे कारखाना काढला. भारतात सपाट काच करणाऱ्या आरंभीच्या ठिकाणांत त्या गावाचे नाव घेतले जाते.

तर कंदील. पेटलेल्या कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पावसाचा थेंब पडला की चिमणी टचकन तडकते. थेंबाखालचा पृष्ठभाग एकदम थंड होऊन आकसू पाहतो, शेजारची गरम काच त्याला आकसू देत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर ताण येतो. काच दाबाला अतिशय बळकट आणि ताणाला अतिशय दुबळी. ताण आला की ती तडकते.

मग याच्या उलट करता आले तर? काचेच्या पृष्ठभागाला कायमचे दाबाखाली ठेवता आले, तर बाहेरून येणारा ताण आधी तो दाब खर्ची घालील आणि मगच काचेला इजा करील. हे घडू शकते याचा पुरावा सतराव्या शतकापासून लोकांच्या हातात खेळणे म्हणून होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. राजपुत्र रूपर्टने असे मणी १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या राजाला दाखवले, आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांचा विचार केला. मण्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही, मात्र शेपटीचे टोक मोडले की सगळ्याचा क्षणात भुगा होतो. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला गाभा नंतर आकसतो आणि बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. बाहेर दाब आणि आत ताण असे हे कुलूप बसते. ते कुठेही उघडले की साठलेली सारी ऊर्जा एकदम मोकळी होते.

दे ला बास्ती या फ्रेंच माणसाने १८७४ मध्ये तापवलेली काच तेलात बुडवून अशी कठीण काच केली. विसाव्या शतकात सपाट काच भट्टीत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करण्याचे तंत्र बसले. हीच ‘टफन्ड’ काच. ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट, फुटली तर तिचे खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात, आणि तिपदरी काचेपेक्षा स्वस्त. युरोपात कित्येक वर्षे पुढची काच म्हणून ती चालली. आपल्याकडेही १९७०-८० च्या दशकांत पुष्कळ मोटारींना आणि मालमोटारींना पुढे हीच काच असे.

तिची खराब होण्याची रीत विलक्षण होती. ती खराब होतच नसे! एखादा टोकदार खडा दाबाचा थर भेदून गाभ्यापर्यंत पोहोचला, की त्याच क्षणी सगळी काच पांढरी होई. साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या चालकासमोर अचानक जणू चुन्याची भिंत उभी राही. काही जण मुठीने ठोसा मारून भगदाड पाडत आणि त्यातून बघत गाडी थांबवत. मग कण झाडायचे आणि उघड्या चौकटीतून वारा खात घर गाठायचे. जुन्या चालकांना विचारले तर असे किस्से आजही ऐकायला मिळतात. चालकाच्या समोरचा भाग कमी कडक करून तिथे मोठे तुकडे राहतील अशीही युक्ती निघाली, पण मूळ दोष राहिलाच. दिसणे बंद होण्याचा धोका हा कापले जाण्याच्या धोक्याइतकाच मोठा असतो, हे लोकांना पटायला काही दशके लागली.

दरम्यान तिपदरी काच सुधारत होती. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकन मोटारींत मधल्या पीव्हीबी थराची जाडी दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटर करण्यात आली. डोके आदळले तर हा थर झोळीसारखा ताणला जातो आणि माणूस आरपार जात नाही. दुसरीकडे, अॅलिस्टर पिल्किंग्टन याने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून अगदी सपाट पत्रा काढण्याची रीत बसवली. ती १९५९ मध्ये जाहीर झाली. त्याआधीच्या स्वस्त काचेतून पाहताना रस्ता पाण्याखाली असल्यासारखा हलत असे. आता घासून गुळगुळीत न करताही स्वच्छ काच मिळू लागली. महाराष्ट्रात नवी मुंबईजवळ तळोज्याला अशी ‘फ्लोट’ काच १९९० नंतरच्या दशकात होऊ लागली. आज आपल्याकडे केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमानुसार दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर सोडून इतर मोटारवाहनांची पुढची काच लॅमिनेटेडच हवी. बाजूच्या आणि मागच्या काचा मात्र बहुधा टफन्ड असतात.

पुण्याजवळ चाकणला अशा पुढच्या काचा तयार होतात. सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे दोन पत्रे एकावर एक ठेवून भट्टीत तापवतात. ते आपल्याच वजनाने साच्यावर वाकतात, त्यामुळे दोघांचा बाक तंतोतंत जुळतो. मग मध्ये पीव्हीबीचा ताव घालून बंद टाकीत सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दहा-बारा पट दाब देतात. आधी दुधाळ दिसणारा ताव त्या वेळी पारदर्शक होतो. पैसा फंडाच्या तळेगावापासून चाकण फार लांब नाही. चिमण्यांपासून या काचेपर्यंतचे अंतर मात्र एका शतकाचे झाले.

आता नातेपुत्याच्या रस्त्यावरच्या आपल्या काचेकडे वळू. ही काच एका क्षणात आंधळी होत नाही की गळा कापत नाही. ती सावकाश बिघडते. धुळीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ आणि काच साधारण साडेपाच. कोरड्या धुळीवर वायपर फिरवणे म्हणजे काचेला पॉलिशपेपर लावणेच. टवक्याचे गणित आणखी सूक्ष्म आहे. काच सिद्धांतानुसार हवी त्यापेक्षा कितीतरी दुबळी का असते, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये दाखवले. दोष पृष्ठभागावरच्या बारीक भेगांचा असतो. भेगेच्या अणकुचीदार टोकाशी ताण अनेक पटींनी एकवटतो, आणि भेग जितकी लांब तितकी ती वाढवायला लागणारी ओढ कमी. त्यात पाणी भर घालते. ताणाखाली असलेल्या भेगेच्या टोकाशी पाण्याचा रेणू शिरला की तो सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध तोडायला मदत करतो. म्हणून महिनाभर मुंगीएवढा राहिलेला तडा पहिल्या पावसात हातभर होतो. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतले, तर कंदिलाच्या चिमणीचाच प्रयोग होतो. कडेचा दुधाळ पट्टा म्हणजे पीव्हीबीने ओल शोषून घेतल्याची खूण.

टवका लहान असेल, रुपयाच्या नाण्याएवढा, चालकाच्या नजरेच्या आड आणि कडेपासून दूर, तर तो भरता येतो. हे तंत्र १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रुळले. टवक्यातली हवा ओढून घेतात, दाबाने पातळ राळ भरतात आणि अतिनील दिव्याखाली ती घट्ट करतात. राळेचा अपवर्तनांक काचेइतकाच असल्याने भेग जवळजवळ दिसेनाशी होते. ग्लिसरीनमध्ये पायरेक्सची कांडी बुडवली की ती अदृश्य होते, तेच हे. अट एकच, टवक्यात धूळ आणि पाणी शिरायच्या आत जायला हवे. तोवर चिकटपट्टी लावून ठेवलेली बरी.

लांब तडा भरत नाहीत, काच बदलतात. जुन्या जीपा, मालमोटारी आणि बसगाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसवलेली असे. बसवण्याची रीत पाहण्यासारखी होती. रबराच्या खाचेत चहूकडून सुतळी घालायची, काच बाहेरून चौकटीला टेकवायची आणि एकाने बाहेरून थापट्या मारत असताना दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचे. सुतळीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते. काच सपाट असल्याने ती तालुक्याच्या गावातही कापून मिळे. काच बाकदार झाली आणि हे स्वातंत्र्य गेले. आता त्या मॉडेलची काच कारखान्यातूनच यावी लागते.

नव्या मोटारींत काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने चौकटीला चिकटवलेली असते. ती तारेने किंवा पात्याने कापून काढावी लागते. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नाही, तो खालच्या गोंदाला उन्हापासून वाचवतो. हा गोंद हवेतील बाष्प घेऊन घट्ट होतो, आणि त्याला काही तास लागतात. कारागीर “आजच्या दिवस गाडी हलवू नका” म्हणतो तेव्हा त्याला घाई करू नये. गाडी उलटली तर टपाला आधार देण्यात या काचेचा वाटा असतो. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आहे, आणि अनेक गाड्यांत ही पिशवी फुगताना याच काचेला टेकून माणसाकडे वळते. गोंद कच्चा असेल तर काचच बाहेर जाईल.

खर्चाचे म्हणाल तर केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात काच येत नाही. सर्वंकष विम्यात येते, आणि काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. मात्र दावा केला की पुढच्या वर्षीची ‘नो क्लेम’ सवलत बहुधा जाते, तेव्हा आधी हिशोब करावा.

आमची खरी काळजी वेगळी आहे. सपाट काचेच्या जुन्या जीपा आणि टेंपो अजून रस्त्यावर आहेत, त्यांपैकी काही वाडी-वस्तीवरची मुले शाळेत आणतात. काच फुटली की गावातल्या दुकानातून खिडकीची साधी काच मापाने कापून बसवण्याचा मोह होतो, आणि तशा गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. दिसायला फरक काहीच नाही. पण १९०५ सालची मोटार आणि ही जीप यांत त्या क्षणी एकशेवीस वर्षांचे अंतर उरत नाही. सपाट लॅमिनेटेड काचही मापाने कापून मिळते. दोन्ही बाजूंनी रेघ मारून, मधला थर पात्याने कापून ती वेगळी करता येते. टफन्ड काच मात्र कापता येत नाही, कापायला गेले की तिचा भुगा होतो.

ओळखायचे कसे? काचेच्या कोपऱ्यात भारतीय मानक २५५३ चा आकडा, आयएसआय चिन्ह आणि काचेचा प्रकार उमटवलेला असतो. साध्या काचेवर काहीच नसते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाड्यांचे हे कोपरे विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत. सकाळी सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला असताना पोलरॉइड चष्म्यातून मागच्या टफन्ड काचेकडे पाहिले, तर तीवर ओळीने ठिपके दिसतात. काच थंड करणाऱ्या हवेच्या झोतांच्या त्या खुणा. पुढच्या काचेत ते दिसत नाहीत. आणि काच बसवणाऱ्याच्या दुकानामागे जुन्या काढलेल्या काचा पडलेल्या असतात, त्यातला वीतभर तुकडा मागून आणावा. हातमोजे घालून त्याची कड भिंगाखाली धरली की हिरवट काच, मध्ये बारीक पारदर्शक रेघ, पुन्हा हिरवट काच असे तिन्ही पदर स्पष्ट दिसतात.